भिजवणीच्या टाकीवरचा घट

गेल्या महिन्यात पोट दुखतं म्हणून धारला सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेलचा गोळा टाकला. त्या यंत्र टेकवणार एवढ्यात मी दोन बोटांनी थोडा जेल उचलला, चोळला, बोटं फाकवून तार किती येते ते बघितलं आणि उजेडाकडे धरला.

"कोई तकलीफ़ है?" त्यांनी विचारलं.

"नहीं, जेल अच्छा है. साबूदाना नहीं है," मी म्हणालो.

पोटाआधी याचं डोकं तपासावं की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पित्ताशयात खडे निघाले. पण घरी येईपर्यंत मी खड्यांचा विचार करत नव्हतो, जिजींचा करत होतो. जेल बोटांवर घेऊन उजेडाकडे धरायची सवय मूळची त्यांची.

जिजी म्हणजे सुमन मोरे. देवासच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही सोनोग्राफीचा आणि भाजल्यावर लावायचा जेल बनवत होतो. मी गुणवत्ता तपासणारा केमिस्ट, त्या मिक्सिंग हॉलच्या प्रमुख. हुद्द्यानं मी मोठा होतो. हे मला रोज सकाळी स्वतःला सांगावं लागे, कारण दुसरं कुणी सांगत नसे.

जेलचा सगळा जीव एका पांढऱ्या पावडरीत असतो. कापसातला नाहीतर लाकडातला सेल्युलोज घेऊन ती बनवतात. कारखान्यात तिला सीएमसी म्हणत. थोडीशी नीट विरघळली की पाण्याचं वाहणं थांबतं, ते टाकाल तिथे गोळा होऊन बसून राहतं. पण एकदम ओतली तर प्रत्येक गुठळी बाहेरून ओली आणि आतून कोरडी राहते, मग ती काही केल्या फुटत नाही. हे सगळं मी एम.एस्सी.ला पॉलिमर विषय घेऊन, चांगले मार्क मिळवून शिकलो होतो. कामाच्या पहिल्याच दिवशी जिजी म्हणाल्या, "साहेब, हळू हां," आणि मी वेळ कसा वाचवतात ते दाखवायला अख्खी पिशवी टाकीत रिकामी केली.

टाकीत हजारो बुळबुळीत गोळे तरंगायला लागले. जिजींनी चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं.

"साबुदाणा झाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "चला, आज सगळ्यांना उपास."

संध्याकाळपर्यंत मी बाह्या वर करून चाळणीनं साबुदाणा उपसत होतो. त्या अधूनमधून येत, "निघालं का पॉलिमर?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता निघून जात.

त्यांची स्वतःची रीत बघण्यासारखी होती. घरची पिठाची चाळणी घेऊन त्या टाकीच्या कडेला उभ्या राहत. खाली पंखा पाणी घुसळतोय आणि वरून पावडर इतकी हलकी पडतेय की पडताना दिसूही नये. ओठ हलत असत. मला आधी वाटलं, स्तोत्र म्हणतात. एकदा जवळ जाऊन कान दिला तर "साडेतीन, सात, साडेदहा, चौदा" चाललं होतं. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यांच्या वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेला. पावकी, निमकी, सवायकी करत औटकी संपली की एक पिशवी संपली पाहिजे, हे त्यांचं घड्याळ. मी हिंदी शाळेत शिकलेला; माझा सतराचा पाढाही डुगडुगता. तरी मी एक स्टॉपवॉच विकत आणलं आणि त्यांच्या शेजारी उभा राहून वेळ मोजला. सलग तीन दिवस एका मिनिटाचाही फरक निघाला नाही. चौथ्या दिवशी माझ्या स्टॉपवॉचचा सेल संपला.

वडील, ज्यांना त्या दादा म्हणत, पगड्या बांधायचे. घराणंच पगडबंदांचं, दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेलं. दरबार गेला, मग लग्नाच्या पगड्या आल्या, मग त्याही तयार मिळायला लागल्या. पगडीला ताठ ठेवायला खळ लागते, ती घोटायचं काम लहानपणी जिजींचं. त्यामुळे पातळ आणि घट्ट यांच्या मधल्या साऱ्या पायऱ्या त्यांच्या बोटांना ठाऊक होत्या. आमच्याकडे घट्टपणा मोजायचं महागाचं यंत्र होतं. जिजी त्याला फिरकी म्हणत. मी फिरकीवर आकडा काढायच्या आत त्या बोटं चोळून "कालच्यापेक्षा जरा ढिला आहे" असं सांगत आणि आकडा तसाच निघे. मग मी यंत्र परत एकदा पुसून घेत असे.

आणखी एक सवय. प्रत्येक बॅचमधली एक बाटली त्या आपल्या कपाटात ठेवत आणि तिच्यावर तिथी लिहीत. भाद्रपद वद्य पंचमी, आश्विन शुद्ध द्वितीया, असं वळणदार अक्षरात. मी त्यांना सांगितलं की बॅच नंबर ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "असू दे की भिया. तुमचा नंबर वर, माझी तिथी खाली." चारचौघांत मी साहेब, एकटा असलो की भिया, म्हणजे आमच्या माळव्यातला भैया. मी नाराज असलो की मात्र चारचौघांतही भिया.

आता त्या नवरात्राकडे येतो. इतका वेळ मी ते टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आमचं घर धारला. दर नवरात्रात आई घट बसवायची. परडीत काळी माती, तीत गहू पेरलेले, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट. घट पाझरतो, माती ओली राहते, नऊ दिवसांत हिरवे कोंब वर येतात. त्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती इंदूरला तिच्या भावाकडे पडून होती. तिथून तिचा फोन आला, "घट चुकवायचा नाही. आणि घट बसलेलं घर बंद ठेवायचं नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. पण मी देवासला एका खोलीत राहणारा, सकाळी आठ ते रात्री आठ खोलीला कुलूप. बंद खोलीत घट ठेवायचा कसा? मी फार विचार केला आणि माझ्या मते तोडगा काढला. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो, तिथे माणूस कायम असतं, म्हणून घट कारखान्यात बसवायचा. प्रयोगशाळेत एसी होता, तिथे गहू उगवले नसते. मिक्सिंग हॉल उबदार. तिथली सर्वांत सपाट जागा म्हणजे भिजवणीच्या, म्हणजे पावडर भिजवायला घ्यायच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. दिवा लावायला परवानगी नव्हती, म्हणून मी एक झिरोचा बल्ब जोडला. बल्बमध्ये तेल घालायला नको, ही सुधारणा मी आईला फोनवर अभिमानानं सांगितली.

जिजींनी घटाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग मला बाजूला घेतलं.

"साहेब, देवीला चौकीदाराच्या खोलीत बसवू. तिथंही माणूस असतंच. माती इथं नको. आमचे दादा खळीच्या पातेल्याजवळ तुळशीची कुंडीसुद्धा ठेवू देत नव्हते. खळीचं पाणी होतं म्हणायचे."

मी हसलो. मग मी त्यांना खळ म्हणजे स्टार्च आणि आपला जेल म्हणजे सेल्युलोज, या दोन्हींच्या रेणूंमधला फरक समजावला. खडू घेऊन फरशीवर आकृती काढली. वीस मिनिटं तरी बोललो असेन. जिजी पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं." घट टाकीवरच राहिला. दसऱ्याला हिरवेगार कोंब मी सगळ्यांच्या टोप्यांमध्ये खोचले आणि जिजींनी ते अंबाड्यात माळले.

दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी कन्नौदच्या एका दवाखान्यातून खोके परत आले. डॉक्टरांनी निरोप दिला होता की जेल पोटावर थांबत नाही, पेशंटच्या कपड्यांवर ओघळतो. आठवड्याभरात सोनकच्छहूनही आले. बनवला त्या दिवशी माझ्या फिरकीवर आकडा बरोबर होता. आठ दिवसांनी तोच जेल सरबतासारखा. शेठजींनी मला बोलावून सांगितलं, "शाम तक कारण लिख के दो."

मला कारण ठाऊक नव्हतं. पण अहवालात कारणाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. मी लिहिलं की पावडर मिसळताना हाताळणीत दोष राहिला असावा. 'असावा' हा शब्द घातल्यामुळे आपण प्रामाणिक राहिलो, असं मला त्या संध्याकाळी खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी जिजींना मिक्सिंगमधून काढून पॅकिंगला बसवलं. सव्वीस वर्षं टाकीशी उभी राहिलेली बाई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्या चाळणी घरी घेऊन गेल्या, एवढंच.

दिवाळीनंतर त्यांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. तिथीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. फेकायच्या आधी मी एक सहज तिरपी करून पाहिली. भाद्रपद वद्य पंचमी: घट्ट. वद्य एकादशी: घट्ट. घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची, अमावास्या: घट्ट. आश्विन शुद्ध तृतीया: पाणी. चतुर्थी: पाणी. नवमी: पाणी. मग जाऊन टाकीचं झाकण काढलं. फटीतून घटाचं पाणी झिरपून आत गेलं होतं, आणि झाकणाच्या रबराखाली मातीची काळी रेघ होती. तिच्यावर बुरशी.

मातीतली बुरशी सेल्युलोजवरच जगते. ती एक रस सोडते, तो रस लांब साखळ्या कुरतडत राहतो. आम्ही जेलमध्ये जंतुनाशक घालायचो, त्यानं बुरशी मरायची, पण रस मागे राहून आपलं काम चालू ठेवायचा. म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक आणि आठव्या दिवशी सरबत. हेही मला एम.एस्सी.ला होतं. त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क पडले होते.

संध्याकाळी मी टेकडीखालच्या गल्लीत जिजींच्या घरी गेलो. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तृतीयेची बाटली पातळ झाली तेव्हाच कळलं."

"मग शेठजींना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? साहेबांच्या आईच्या घटानं माल नासला, असं? ती माउली तिथं पलंगावर पडली आहे. तिच्या कानावर गेलं तर ती काय म्हणेल, आपल्या देवीनं लोकाचं नुकसान केलं?" त्यांनी जुडी बाजूला ठेवली. "आई बऱ्या होऊ देत. मग तुम्हीच सांगा. चूक तुमची आहे, सांगायचं कामही तुमचंच. पण मी जायच्या आत सांगा, भिया. मला हे नाव घेऊन घरी बसायचं नाही."

मी शब्द दिला. टाकी धुऊन घेतली, रबर बदललं, जेल सुधारला. मिक्सिंगला जिजींच्या जागी आलेल्या नव्या माणसाची शेठजींनी पाठ थोपटली. आई बरी झाली नाही. पौषात ती गेली. तेराव्याला जिजी देवासहून बसनं धारला आल्या, बायकांमध्ये बसल्या, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. आता तर आई गेली, तिच्या घटाचं नाव कसं घ्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. आधी आई आजारी म्हणून गप्प होतो, मग आई गेली म्हणून. भित्र्या माणसाला कारणांची ददात कधीच पडत नाही, आणि माझी कारणं तर सोज्ज्वळही होती.

फाल्गुनात जिजींचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे. शेठजी बोलायला उभे राहिले. जिजींचं खूप कौतुक केलं. सव्वीस वर्षांत एक दिवस उशीर नाही, वगैरे. मग हसून म्हणाले, "एक गलती छोड़ दो, तो जिजी का काम सोने जैसा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जिजी समोरच्या खुर्चीत होत्या, त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात थांबले, पण तोवर टाळ्या वाजवून झाल्या होत्या. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "जिजी, उद्या शेठजींना सांगतो. नक्की."

"त्यांना सांगायचं ते सांगा. ते परवा विसरतील." त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली. "मला लिहून द्या. मराठीत लिहा, इंग्रजी माझ्या घरात कुणी वाचत नाही. आणि रविवारी स्वतः येऊन वाचून दाखवा."

शेठजींना सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा? अब टंकी तो ठीक है ना?" आणि फोन घेतला.

मराठीत लिहिणं अवघड गेलं. बोलतो मराठी, पण शाळा हिंदी, लिहिणं इंग्रजी. 'हाताळणीतील दोष' लिहिताना जी सफाई होती ती 'माझी चूक' लिहिताना कुठे गेली कोण जाणे. चार कागद फाडले. पाचवा घेऊन रविवारी गेलो. मला वाटलं होतं, जिजी आणि मी, फार तर त्यांची सून. दारात चपलांचा ढीग होता. आत पॅकिंगच्या चार बायका, चौकीदार, मिक्सिंगचा नवा माणूस, गल्लीतले सात-आठ शेजारी. सून पोहे वाढत होती. मला मधोमध खुर्ची दिली.

"वाचा," जिजी म्हणाल्या.

मी वाचलं. माझ्या आईचा घट मी भिजवणीच्या टाकीवर ठेवला. जिजींनी ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मातीमुळे जेल पातळ झाला. दोष जिजींचा नव्हता. मला कळल्यावरही मी चार महिने बोललो नाही. दोनदा अडखळलो. चौकीदारानं पाणी दिलं.

जिजींनी कागद मागून घेतला, चष्मा डोळ्यांवर घेतला, एकेक ओळ बोटानं धरून वाचली. मग कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं.

"यातून आई काढा."

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, माझ्या आईचा घट. त्यांनी घट बसवायला सांगितलं होतं, टाकीवर ठेवायला सांगितलं नव्हतं. त्या गेल्या. आता त्यांचं नाव यात नको. मी ठेवला, एवढं लिहा."

मी 'माझ्या आईचा' हे शब्द खोडले. खोडताना डोळे भरून आले आणि दुसरी ओळही थोडी पुसली गेली. ती त्यांनी मला पुन्हा लिहायला लावली. मग म्हणाल्या, "हां. आता पोहे खा."

नंतर त्या लेकीकडे कन्नौदला राहायला गेल्या आणि आमची भेट झाली नाही. त्या रविवारी मी निघालो तेव्हा दारापर्यंत पोचवायलाही त्या आल्या नाहीत, कारण तेवढ्यात पलीकडच्या घरातली एक बाई उशिरा आली होती. चपला घालताना मी आत पाहिलं. जिजींनी तिला आपल्या शेजारी बसवलं होतं, पोह्यांची बशी तिच्या हातात दिली होती, आणि माझा कागद उजेडाकडे धरून पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवत होत्या.